ग्रामपरिचयाचा एक नमुना-पाठ : बेलापूरचा भूगोल व इतिहास

इयत्ता : तिसरी व चौथी. विषय : परिसर अभ्यास. तासिका : सहा, त्यांपैकी दोन वर्गाबाहेर. साहित्य : जिल्ह्याचा नकाशा, तिथी दाखविणारे पंचांग अथवा दिनदर्शिका, एक लिटर खाडीचे पाणी, पसरट भांडे, होकायंत्र, मोजणीची दोरी व कोरी वही.

पाठाचा हेतू

गंगेचा उगम कोठे झाला, हे चौथीतील मूल चटकन सांगते; परंतु आपल्याच गावाच्या ओढ्याचे पाणी पुढे कोणत्या खाडीस मिळते, असे विचारताच ते गप्प बसते. पानिपतच्या युद्धाचे साल त्यास पाठ असते, पण गावाच्या वेशीवर उभा असलेला पडका बुरूज कोणी बांधला व कोणी पाडला, हे त्यास ठाऊक नसते. यात मुलाचा दोष नाही. दूरचे आधी व जवळचे मागाहून, किंवा जवळचे मुळीच नाही, असा अध्यापनाचा उलटा क्रम शाळांत रूढ झाला आहे. ज्ञानाची वाटचाल जवळून दूर व परिचिताकडून अपरिचिताकडे व्हावी, हे तत्त्व स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉत्सी (१७४६–१८२७) याने आग्रहाने मांडले. त्याच विचारातून जर्मन प्राथमिक शाळांत आपल्या गावाची व प्रदेशाची ओळख करून देणारा ‘हाइमाटकुंडे’ हा विषय रुजला. लहानशा खेड्यातील शिक्षकही मुलांना टेकडीवर नेऊन शेते, ओढा, चर्च व गिरणी दाखवी आणि तेथेच नकाशाचा पहिला धडा होई.

या विषयाच्या इतिहासात एक इशाराही आहे. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीतील नाझी राजवटीने गावावरील प्रेमाचे परक्यांच्या द्वेषात रूपांतर करण्यासाठी याच विषयाचा वापर केला. पुढे १९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत त्याची जागा वस्तुनिष्ठ परिसर-अभ्यासाने घेतली. ग्रामपरिचय शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही दोन्ही टोके ध्यानी ठेवावी. गावाविषयी ममता वाढावी, पण ती सत्याच्या आधारे. आणि वर्गातील जे मूल दुसऱ्या गावाहून आले आहे, त्यासही हे गाव आपले वाटावे.

महाराष्ट्रात या कार्यास चांगली परंपरा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हा ग्रंथ लिहून मराठी वाचकास खेड्याकडे बारकाईने पाहण्यास शिकविले. तीच दृष्टी सोप्या रूपात प्राथमिक शाळेत आणावयाची आहे.

नमुना म्हणून येथे नवी मुंबईतील बेलापूर हे गाव घेतले आहे. ज्यांची गावे गेल्या पन्नास-साठ वर्षांत शहराने वेढली, त्या ठाणे व रायगड जिल्ह्यांतील शिक्षकांना ते विशेष उपयोगी पडेल; इतरांनी हीच रीत आपल्या गावास लावावी.

पहिली तासिका : स्थान व भूरचना

बेलापूर हे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर व ७३ अंश पूर्व रेखांशावर वसलेले आहे. गावाच्या पूर्वेस व ईशान्येस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी व दक्षिणेस पनवेलची खाडी. डोंगर व पाणी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत जी गावे वसली, त्यांच्या प्रदेशास ‘बेलापूर पट्टी’ असे म्हणत. ‘पट्टी’ या शब्दातच भूगोल भरलेला आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. त्यासाठी फळ्यावर तीन समांतर आडव्या रेषा काढाव्या : वरची डोंगराची, मधली गावांची व खालची पाण्याची.

पारसिकचा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरांवर थर साचत गेला व त्यापासून दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडले. मुलांनी डोंगराच्या उघड्या कड्याकडे पाहून थर मोजावे. जेथे दगडखाणींनी डोंगर कापला आहे तेथे हे थर स्पष्ट दिसतात. खाण लांबूनच दाखवावी. तिच्या काठाशी मुलांना नेऊ नये.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगरावरून उतरणारे पाणी पट्टीत फार वेळ थांबत नाही, कारण खाडी जवळ आहे. परंतु खाडीस भरती असेल तर तेच पाणी अडून राहते व सखल भागात चढते. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली म्हणजे रस्त्यांवर पाणी का साचते, याचे कारण मुलांना येथे सापडेल. प्रश्न मुलांनीच सोडवावा. शिक्षकाने घाईने उत्तर सांगू नये.

दुसरी तासिका : खाडी, भरती व मीठ

खाडीकाठच्या गावाचे घड्याळ पाण्याचे असते. आज अमुक वेळी भरती आली तर उद्या ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी व शेतकरी यांच्यात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. एकादशीस सव्वाआठ. दिवसातून दोनदा, म्हणजे पहाटे व दुपारी अथवा सकाळी व सायंकाळी, भरती येते आणि त्या दोहोंमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते.

या एका नियमात गणित, खगोल व भूगोल असे तीन विषय एकत्र येतात. रोजची सुमारे पन्नास मिनिटे म्हणजे पाऊण तासाहून थोडी अधिक. म्हणूनच पाऊणपटीचा नियम अदमासाने बरोबर येतो, मिनिटाच्या हिशेबाने नव्हे. खाडीत आतवर पाणी पोचण्यास आणखी थोडा वेळ लागतो. चौथीच्या मुलांना एक आठवडा रोज तिथी लिहून भरतीची वेळ काढण्यास सांगावे, आणि खाडीकाठी राहणाऱ्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या सोबतीने प्रत्यक्ष वेळ पाहून यावी. दोहोंतील फरक वहीत लिहावा. नियम कोठवर खरा ठरतो हे स्वतः पाहणे, हाच शास्त्राचा आरंभ होय.

पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास मोठी भरती येते तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते व कमी उतरते त्यास भांग म्हणतात. हे शब्द पाठ्यपुस्तकात क्वचित आढळतात, परंतु घरात आजी-आजोबांच्या तोंडी अजून असतील. ते विचारून आणण्यास सांगावे.

खाडीकाठी तिवरांची दाट झाडी असते. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळे श्वासासाठी असतात. ही झाडी लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते व माशांच्या पिलांना आसरा देते. बोईट, कोळंबी, चिंबोरी व चिखलावर उड्या मारणारी निवटी ही खाडीची संपत्ती. दिवाळे गावचे कोळी पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर जगले. पाग, बोकशी व डोल ही जाळी कशी निरनिराळी असतात, हे एखाद्या कोळी पालकास शाळेत बोलावून दाखवून घ्यावे. शिक्षकाच्या व्याख्यानापेक्षा त्या पालकाच्या हातातील जाळे अधिक बोलके ठरेल. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे तिच्या एका भागास २०१५ साली अभयारण्याचा व २०२२ साली रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या चिखलास नवखे लोक नापीक समजतात, त्यास जगाने असे महत्त्व दिले, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

खाडीच्या काठची खारी जमीन म्हणजे खाजण. मातीचा बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवावयाचे व पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढून भात पिकवावयाचे, अशी ही शेती. बांधात ठेवलेल्या दारास उघाडी म्हणत. ओहोटीच्या वेळी ती उघडून आतील पावसाचे पाणी बाहेर सोडीत व भरतीस बंद करीत. हॉलंडच्या लोकांनी समुद्र हटवून शेती केली, हे मुले पुढे वाचतील. तीच विद्या लहान प्रमाणावर आपल्या खेड्यातील शेतकऱ्यांस अवगत होती, हे त्यांना आधी कळावे. एका शेतकऱ्याचा बांध फुटला तर साऱ्यांची शेते खारी होत, म्हणून बांधाची राखण सर्वांनी मिळून करावी लागे. सहकार हा येथे उपदेशाचा विषय नव्हता. त्यावाचून भात पिकत नव्हते. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जातींवर पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रात काम झाले, आणि त्यांपैकी काही जाती ‘पनवेल’ याच नावाने ओळखल्या जातात.

ज्या खाजणात भात होत नसे तेथे मिठागरे असत. मीठ पिकविण्याच्या जागेस ‘आगर’ म्हणतात व ‘आगरी’ हे समाजाचे नाव त्यावरूनच आले, असे मानले जाते. उधाणाचे पाणी मोठ्या वाफ्यात घेऊन, ते उन्हाने आटवीत लहान वाफ्यांत नेऊन, शेवटी मीठ ओढीत. हा व्यवसाय पावसाळा संपल्यावर सुरू होई व पहिल्या पावसाबरोबर थांबे.

प्रयोग : एक लिटर खाडीचे पाणी फडक्यातून गाळून पसरट भांड्यात उन्हात ठेवावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात व उन्हाळ्यात असा दोनदा प्रयोग केल्यास उरलेल्या मिठाच्या वजनात फरक पडेल. का, ते मुलांनी सांगावे. हे मीठ कोणी खाऊ नये, अशी सूचना आधी द्यावी.

तिसरी तासिका : नावाची कथा

बेलापूरचे जुने नाव शहाबाज होते, असे सांगतात. आणि शहाबाज या नावाची वस्ती तेथे आजही आहे. नव्या नावाची कथा अशी : चिमाजी आप्पांनी, पोर्तुगीजांकडील हा किल्ला हाती आल्यास जवळच्या अमृतेश्वराच्या देवळात बेलपत्रांचा हार वाहीन, असा नवस केला. किल्ला मिळाला, नवस फेडला व किल्ल्यास बेलापूर हे नाव पडले.

कथा सुंदर आहे व ती मुलांना सांगावीच. परंतु ती कथा म्हणून सांगावी. अहिल्यानगर जिल्ह्यातही श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर नावाचे गाव आहे. एकाच नावाची गावे दूरदूर असतील तर प्रत्येकास एकाच प्रकारची युद्धकथा लागू होणार नाही. बेलाच्या झाडांवरून गावास नाव पडणे हे साधे कारणही संभवते. शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने आखावे : ‘लोक सांगतात’ आणि ‘पुराव्याने कळते’. नवसाची कथा पहिल्या रकान्यात जाईल. तेथे गेल्याने तिचा अपमान होत नाही. गावाने आपल्या नावाविषयी काय मानले, हे त्या रकान्यातूनच कळते.

दुसरे उदाहरण भुयाराचे. बेलापूरच्या किल्ल्यातून घारापुरीपर्यंत भुयार आहे, अशी समजूत गावात आहे. मुलांनी नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजावे. सरळ रेषेतही ते दहा किलोमीटरांहून अधिक भरते व मध्ये खाडीचे पाणी आहे. आता पारसिकच्या डोंगरातील रेल्वेचा बोगदा पाहा. सुरुंगाची दारू व यंत्रे हाताशी असताना १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सुमारे एक किलोमीटर व तीनशे मीटर लांब आहे. मग त्याच्याही कितीतरी आधी, खाडीखालून, सात-आठपट लांब भुयार कसे खोदले असेल? शिक्षकाने ‘भुयार खोटे आहे’ असे एक वाक्यही उच्चारू नये. मोजमाप झाल्यावर मुले स्वतःच त्या निष्कर्षाशी येतील, आणि असा निष्कर्ष ती जन्मभर विसरणार नाहीत.

चौथी तासिका : किल्ला व राज्यांतरे

बेलापूरचा किल्ला पनवेलच्या खाडीच्या मुखाशी लहानशा उंचवट्यावर होता. त्याचे स्थान पाहिले की त्याचे काम कळते. पनवेल हे घाटावरून उतरणाऱ्या मालाचे मोठे ठिकाण. तेथील गलबते मुंबईकडे जाताना बेलापूरच्या समोरून जात. ज्याच्या हाती हा उंचवटा, त्याच्या नजरेत तो सारा व्यापार. ‘किल्ला येथेच का?’ हा प्रश्न आधी विचारावा व ‘केव्हा?’ हा नंतर.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्दींनी किल्ला बांधला व १६८२ साली तो पोर्तुगीजांनी घेतला, असे सामान्यतः सांगितले जाते. पुढे मराठ्यांनी तो जिंकला. हे साल काही ठिकाणी १७३३ असे दिलेले आढळते. परंतु चिमाजी आप्पांची उत्तर कोकणातील मोठी मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली व १७३९ च्या मे महिन्यात वसईच्या विजयाने पूर्ण झाली. चिमाजींचे नाव या विजयाशी जोडावयाचे असेल तर १७३७ नंतरचा काळ अधिक जुळतो. दोन साले समोर आली असता त्यांतील एक गुपचूप पुसून टाकणे सोयीचे वाटते, पण ते शिक्षकास शोभत नाही. दोन्ही साले फळ्यावर लिहावी व कोणते का पटते, हे मुलांना समजावून द्यावे.

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले. बेलापूर मात्र पुढेही मराठ्यांच्या राज्यात राहिले. २३ जून १८१७ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन चार्ल्स ग्रे याने किल्ला ताब्यात घेतला. या तारखेच्या मागे आणखी एक तारीख आहे. १३ जून १८१७ रोजी पुण्यास झालेल्या तहाने दुसऱ्या बाजीरावास उत्तर कोकणचा मुलूख इंग्रजांस द्यावा लागला व त्यात बेलापूर आणि कल्याण यांचा समावेश होता. म्हणजे पुण्यात कागदावर सही झाली आणि दहा दिवसांत खाडीकाठचा बुरूज परहस्ते गेला. खडकीची लढाई तर त्यानंतर, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. राजधानीतील घटना व गावातील घटना यांचा दुवा अशा रीतीने जुळतो, तेव्हा इतिहास सनावळीच्या पलीकडे जातो.

इंग्रजांनी किल्ल्याचा बराच भाग पाडला. भरभराटीच्या काळात येथे प्रत्येकी १८० शिपायांच्या चार तुकड्या व चौदा तोफा होत्या असे सांगतात. गणिताच्या तासाला याचा गुणाकार करून घ्यावा. सातशे वीस माणसे येतात. त्यांना पिण्याचे पाणी कोठून मिळत असेल? खाडीचे पाणी खारे. मग विहिरी, तळी कोठे असतील? या प्रश्नांतून मुलांचे डोळे उघडतील. आज तेथे बुरूज व तटाचे थोडे अवशेष उरले असून भोवतालच्या वस्तीस ‘किल्ले गावठाण’ हे नाव आहे. दगड पडला तरी शब्द उरतो, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण नाही.

जिल्ह्याच्या सीमाही बदलतात. पनवेल तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ साली तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. त्याच कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. खाडी मात्र होती तेथेच आहे. निसर्गाने आखलेली रेषा कोणती व माणसाने आखलेली कोणती, हा फरक नकाशावर दोन रंगांनी दाखवून घ्यावा.

पाचवी तासिका : गाव शहरात कसे गेले

हा पाठातील अवघड भाग होय आणि म्हणूनच तो टाळू नये. ज्या वर्गात एका बाकावर मूळ गावकऱ्याचे मूल व शेजारी दूरच्या जिल्ह्यातून वा परप्रांतातून आलेल्या कामगाराचे मूल बसते, तेथे हा प्रश्न आज ना उद्या निघणारच : ‘येथे शेती होती, ती कोठे गेली?’

त्याचे उत्तर क्रमाने द्यावे. मुंबई बेटावरील गर्दी असह्य झाली होती. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १९७० साली शासनाने ती स्वीकारली व १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. त्या काळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश योजनेत आला. गावठाणे जागेवर राहिली. शेते, खाजणे व मिठागरे संपादित झाली. १९७३ साली खाडीवर वाहनांचा पूल झाला, १९९२ साली रेल्वे वाशीस व पुढच्या वर्षी बेलापुरास पोचली, १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. बेलापुरात कोकण भवन उभे राहिले व खाडीकाठचे हे गाव सबंध कोकण विभागाच्या कारभाराचे ठिकाण झाले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगावी. जमिनीचा मोबदला पुरेसा नाही, या भावनेतून शेतकरी संघटित झाले. उरण तालुक्यातील जासई गावी जन्मलेले दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी मोठे आंदोलन झाले. त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्याचे फळ म्हणून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना आली. मुलांना हे शेकडेवारीच्या उदाहरणाने शिकवावे : शंभर गुंठे जमीन गेली तर साडेबारा गुंठे परत. केवळ गणित म्हणून ते एका ओळीचे आहे. परंतु त्या ओळीत एका कुटुंबाचा संसार मावलेला असतो, याचे भान शिक्षकाने ठेवावे. भात पिकविणाऱ्याच्या हाती भूखंड आला, नांगर मात्र गेला. काहींची भरभराट झाली, काहींचा पैसा टिकला नाही. या दोहोंची उदाहरणे वर्गातच असू शकतात. म्हणून कोणत्याही घराचा उल्लेख करू नये व कोणत्याही मुलास ‘तुमची किती जमीन होती?’ असे सर्वांसमोर विचारू नये.

तसेच, ‘बाहेरच्यांनी गाव घेतले’ अशा भाषेस वर्गात थारा देऊ नये. शेजारच्या बाकावरील मुलाच्या बापाने जमीन घेतलेली नाही. बहुधा त्यानेही पोटासाठी आपले गाव सोडले आहे. त्या मुलास त्याच्या मूळ गावाचा ओढा, पीक व देऊळ यांविषयी चार वाक्ये बोलू द्यावी. अशा रीतीने दोन गावे एका वर्गात भेटतात.

सहावी तासिका : गावाची वही

ग्रामपरिचय शिक्षकाच्या टिपणावर संपू नये. शाळेने ‘गावाची वही’ नावाची एक जाड वही ठेवावी व प्रत्येक वर्षी चौथीच्या मुलांनी तीत भर घालावी. वहीचे पाच भाग करावे.

पहिला, नावे : शेतांची, बांधांची, पाणवठ्यांची, खडकांची व वाटांची जुनी नावे. दुसरा, शब्द : उघाडी, भांग, खाजण यांसारखे शब्द, त्यांचा अर्थ व ते कोणाकडून कळले याची नोंद. तिसरा, कामे : मीठ ओढणे, बांध घालणे, जाळे विणणे, भाताची लावणी, प्रत्येकाचे वर्णन पायरीपायरीने. चौथा, सनावळी : गावात पहिली वीज, पहिला नळ, पहिली शाळा, पहिली गाडी केव्हा आली. येथे प्रत्येक नोंदीपुढे ‘ऐकीव’ किंवा ‘कागदावरून’ असे लिहावे. पाचवा, नकाशे : गावाचा आजचा नकाशा व वृद्धांच्या सांगण्यावरून काढलेला १९७० पूर्वीचा नकाशा, समोरासमोरच्या पानांवर.

कागदी पुराव्यासाठी शाळेची जुनी प्रवेशपुस्तके, ग्रामपंचायतीची दप्तरे, सातबाराचे उतारे व १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर यांचा उपयोग करावा. प्रवेशपुस्तकातील पालकांच्या व्यवसायाचा रकाना दशकवार पाहिला तर शेती, मासेमारी व मिठागर यांच्या जागी कारखाना व कचेरी केव्हा आली, हे स्पष्ट दिसते. शिक्षकाने हे काम स्वतः करावे व नावे वगळून केवळ संख्या मुलांपुढे ठेवाव्या.

या कामास विलंब परवडणारा नाही. १९७० साली जो तरुण वीस वर्षांचा होता व ज्याने आपल्या हाताने उघाडी चालविली, तो आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. बांधाची जागा दाखविणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. किल्ल्याचे दगड पुरातत्त्वाचे जाणकार कदाचित पुन्हा रचतील. परंतु एका शेताचे नाव शेवटच्या माणसाबरोबर गेले तर ते कोणालाही पुन्हा रचता येणार नाही. ती नावे टिपून ठेवण्यास लागणारे साधन, म्हणजे वही, पेन्सिल व जिज्ञासू मुले, गावात फक्त शाळेपाशी आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. बेलापूर पट्टीस ‘पट्टी’ का म्हणतात? आकृती काढून दाखवा.
२. दशमीस पूर्ण भरतीची वेळ पाऊणपटीच्या रीतीने काढा.
३. उघाडी ओहोटीस उघडत व भरतीस बंद करीत. याच्या उलट केले तर काय होईल?
४. १३ जून १८१७ व २३ जून १८१७ या दोन तारखांचा संबंध सांगा.
५. आपल्या गावाविषयी ‘लोक सांगतात’ व ‘पुराव्याने कळते’ अशा प्रत्येकी दोन गोष्टी लिहा.
६. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारून गावातील एका जुन्या जागेचे नाव आणा. ती जागा आज कोठे आहे, ते नकाशावर दाखवा.

शिक्षकांसाठी सूचना

खाडीकाठी मुलांना नेताना ओहोटीची वेळ निवडावी, चिखलात उतरू देऊ नये व पालकांपैकी दोघे सोबत घ्यावे. सहावा प्रश्न ज्या मुलाचे आजी-आजोबा येथे नाहीत, त्याने शेजारच्या वृद्धास विचारावा. अशा निमित्ताने नव्या घरातील मूल जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसेल, आणि ग्रामपरिचयाचा खरा पाठ तेथे सुरू होईल.